बापूदादाचं समुद्रफूल

उंब्रजहून निरोप आला तेव्हा मी इस्लामपूरला उसाला पाणी पाजत होतो. निरोप्या बांधावरूनच ओरडला, "बापूदादा गेले..." मी चिखलात उभा राहिलो तो तसाच. पाट फुटला, पाणी शेजाऱ्याच्या रानात शिरलं, आणि एरवी भांडायला उठणारा शेजारी त्या दिवशी स्वतःच खोरं घेऊन पाट बांधायला आला.

बापूदादा माझा आतेभाऊ. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. नोकरीतली शेवटची वर्षं अंदमानात गेली; तिथल्या उथळ पाण्यात त्यानं पोवळ्यांची बाग पाहिली आणि माणूस खुळावला. वहिनींना हे दाखवायचं, एवढंच डोक्यात. पण वहिनींची उमेद सासू-सासऱ्यांचं करण्यात सरली होती आणि आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. मग दादानं समुद्रच घरी आणला. सोप्यात मोठी काचेची पेटी, पुण्याहून हवेचा पंप, आणि महिन्यातून एकदा एस्टीनं कुंभार्ली घाट उतरून गुहागर. येताना दोन डबे खारं पाणी. कंडक्टर विचारायचा, "सुभेदार, राकेल न्हाई न्हवं?" "हुंगून बघ की रं!" पोवळी काही मिळाली नाहीत. बोटाएवढे दोन मासे आणि दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा उघडणारा समुद्रातला जीव, मिळालं.

पण फूल उमलेना. वहिनी रोज बघायच्या आणि म्हणायच्या, "फूल म्हनं! मला तर वांगं दिसतंय." दादा हसायचा, पण त्याला ते लागायचं.

एकदा पेन्शनच्या कामासाठी तो दोन दिवस साताऱ्याला गेला आणि पेटी माझ्या हवाली केली. माझा ऊस पंचक्रोशीत नावाजलेला. जे वाढत नाही त्याला खत लागतं, एवढं शास्त्र मला पाठ. मी चिमूटभर युरिया पेटीत सोडला... आठवड्यात पेटीचं तळं झालं. काचेवर, दगडावर, पंपाच्या नळीवर हिरव्या लोकरीसारखं शेवाळ. त्यात फूल कुठं ते दिसेना.

दादानं उन्हाला दोष दिला, पाण्याला दिला, स्वतःला दिला. पेटी खिडकीपासून हलवली, तीन दिवस घोंगडीखाली झाकली, दाढीच्या जुन्या पात्यानं काच खरवडली. मी शेजारी चोराचं तोंड करून बादली धरलेली. शेवटी राहवेना. सांगून टाकलं. त्यानं पात्यावरचं शेवाळ उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाला, "पीक झ्याक आलंय गड्या. आता काढणीलाबी तूच ये."

मग चार महिने दर रविवारी मी उंब्रजला. काडीवर शेवाळ गुंडाळून काढायचं, थोडं पाणी बदलायचं, माशांना निम्मंच खाणं. मी काच जोरात घासली की दादा म्हणायचा, "नुसतं खरवडून मरत न्हाई त्ये. त्येचं खाणं तोड, मग बघ." असे रविवार आता मागूनही मिळायचे नाहीत... माझ्या गाढवपणानं मिळाले होते, एवढंच समाधान.

एका दुपारी वहिनींची हाक आली, "आवं, हिकडं या लवकर!" फूल उमललं होतं. जांभळट, शंभर बोटांचं, पाण्यात हलत होतं. "लय देखणं हाय वो," वहिनी म्हणाल्या. दादानं फुलाकडं पाहिलंच नाही. तो वहिनींच्या तोंडाकडं बघत होता.

तेरावं झाल्यावर मी भीतभीतच विचारलं, पेटीचं काय करायचं. वहिनी म्हणाल्या, "पानी बदलायचं ऱ्हायलंय. भावजी, गुहागरची गाडी कवा असती?"

"वहिनी, गुडघे?"

"त्ये बी येत्याल की संगं."

मागच्या आठवड्यात जाऊन आलो. त्या लुगडं सावरून घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या. मी दोन्ही डबे भरून वाळूत ठेवले तरी त्या हलेनात. नजर पार त्या टोकाला...

"एवढा हाय व्हय ह्यो," त्या म्हणाल्या. "आन् मला सांगायचे, समदा आनलाय तुज्यासाठी."