एका मिनिटाचे थेंब

आमच्या कागद कारखान्यात माझ्या मामाला सगळे थेंबेमास्तर म्हणतात. नव्या लोकांना ते त्याचं आडनाव वाटतं, आणि हजेरीपटावर भलतंच आडनाव बघून ते बुचकळ्यात पडतात. मामाचं काम थेंब मोजायचं. खालच्या मजल्यावर लगद्याचं पाणी ओढणारे चौदा पंप आहेत. पंपाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बाहेर येतो, तिथून पाणी येऊ नये म्हणून त्याच्याभोवती ग्राफाइटची दोरी ठासून बसवलेली असते. गंमत अशी की ही दोरी पार आवळून चालत नाही. थोडं गळलंच पाहिजे, नाहीतर शाफ्ट तापतो, दोरी जळते आणि पंपाचे बारा वाजतात. किती गळावं, तर मिनिटाला आठ ते दहा थेंब. हे ठरवणारा, मोजणारा आणि त्यावरून जगाशी भांडणारा माणूस म्हणजे माझा मामा.

रोज सकाळी एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन तो फेरीला निघतो. प्रत्येक पंपापाशी उकिडवा बसतो आणि ओठ हलवत मिनिटभर मोजतो. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. पाच थेंब आले तर दोरी दाबणारा नट पाव आटा सैल, पंधरा आले तर पाव आटा घट्ट, आणि मग जाड वहीत आकडा. शून्य आलं तर ते लाल पेनाने लिहायचं, कारण शून्य म्हणजे दोरी जळायला निघाली. अशा एकतीस वर्षांच्या वह्या त्याच्याकडे आहेत. घरी मात्र मोरीचा नळ चार वर्षं गळतोय. मामीने विषय काढला की तो शांतपणे सांगतो, नळाला शाफ्ट नसतो.

त्याच्याच नादाने मी इंजिनियर झाले आणि त्याच कारखान्याच्या देखभाल खात्यात लागले. मामाची छाती फुगली. घरी मला चिमणे म्हणणारा माणूस कारखान्यात अहो-जाहो करत मॅडम म्हणू लागला आणि इतरांनाही म्हणायला लावू लागला. आणि मी काय केलं? वर्षाच्या आत त्याच्या पोटावर पाय येईल असं यंत्र घेऊन आले.

ते यंत्र म्हणजे नव्या तऱ्हेचं सील. दोरीच्या जागी दोन गुळगुळीत चकत्या, एक शाफ्टबरोबर फिरणारी आणि एक स्थिर, चार नटांनी पंपाला आवळलेली. त्यांच्या तोंडावर लेझरने कोरलेल्या बारीक खाचा असतात, त्यामुळे दोघींच्या मध्ये पाण्याचा केसाहूनही पातळ पापुद्रा टिकतो. तोच त्यांना गार ठेवतो, आणि बाहेर थेंबही येत नाही. शिवाय सीलला सेन्सर असतात. तापमान, थरथर, ओल, सगळं माझ्या फोनवर दिसतं. मोठे साहेब खूश झाले. पाच नंबरच्या पंपाला सील लावा, म्हणाले, तीस दिवस कोरडं राहिलं तर चौदाही पंपांना लावू. मग थेंबांची फेरी बंद, आणि मास्तर भांडारात हातमोजे आणि साबण वाटायला. हे त्यांनी मामासमोरच सांगितलं. मामाने मान हलवली. मला मात्र घरभेदी असल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी मी मामाकडे गेले आणि काचेच्या दोन बशा ओल्या करून एकमेकींवर फिरवून दाखवल्या. बघ, मधलं पाणीच त्यांना सांभाळतं. मामाने बशा फिरवल्या, पुन्हा फिरवल्या, तिसऱ्यांदा फिरवायच्या आत मामीने त्या काढून घेतल्या. त्याला सगळं पटलं, फक्त एक सोडून. जे पाणी दिसत नाही ते आहे यावर विश्वास कसा ठेवायचा?

चाचणी सुरू झाली. मामा रोज पाच नंबरपाशी बसायचा. मिनिट झालं तरी उठायचा नाही. पाच-पाच मिनिटं बसून, पंपाच्या अंगाला हात लावून बघून, मग वहीत लाल शून्य. दहा दिवसांत दहा लाल शून्यं. एकतीस वर्षांत त्याने एवढी शून्यं कधी लिहिली नव्हती. मामीचा मला फोन आला की याला झालंय तरी काय, चहात साखर ढवळत बसतो आणि चहा प्यायचा विसरतो. मी म्हटलं, होईल सवय. झाली नाही.

बाविसाव्या दिवशी कँटीनमध्ये नाश्त्याच्या पहिल्या घासालाच माझा फोन बोंबलला. पाच नंबरला ओल. धावत गेले, तर सीलखाली टपटप चालू होती. जुने फिटर लग्नाला जमावेत तसे जमले होते. तापमान ठीक, थरथर ठीक, फक्त दहा चाळीसला अचानक ओल सुरू झालेली. का, ते फोन सांगेना. दुपारी साहेबांनी बैठक बोलावली. सील विकणारे गृहस्थ गळ्यातला टाय सारखा करत म्हणाले की बसवण्यात चूक झाली असणार. बसवलं होतं मी. साहेबांनी फार वेळ घेतला नाही. काढा ते, दोरी बरी आपली, म्हणाले.

खोटं कशाला बोलू? माझी नाचक्की झाली होती, पण मनातून मला हलकं वाटलं. मामाची फेरी वाचली होती.

साहेबांना अहवालाला जोडायला रोजचे आकडे हवे होते. ते वहीत होते आणि वही त्यांच्याच टेबलावर होती, कारण मामा रोज सकाळी ती सहीसाठी तिथे ठेवायचा. त्यांनी मामाला बोलावून घेतलं आणि मला पान वाचायला सांगितलं. मी शून्यं वाचत गेले. बाविसाव्या दिवशी आकड्याच्या जागी चार ओळी होत्या.

"शून्य. पंप तहानलेला वाटला, राहवलं नाही. दहा चाळीसला चारही नट पाव आटा सैल केले. नऊ थेंब. गळती माझी आहे, सीलची नाही."

खाली साहेबांची सही होती. न वाचता केलेली, ठसठशीत.

साहेबांनी आधी सहीकडे पाहिलं, मग मामाकडे. "मास्तर, हे तोंडाने सांगायचं ना."

"मला वाटलं तुम्ही वाचलंय, साहेब. मी बोलणी खायच्या तयारीनेच आलोय."

"ते राहू दे. हे लिहिलं नसतंत तर सील आज परत गेलं असतं. तुमची फेरी राहिली असती. कळतंय ना?"

"कळतं."

"मग?"

मामाला प्रश्नच समजला नाही. "नऊ थेंब पडले होते," तो म्हणाला. "ते कशाने पडले ते लिहायला नको?"

टायवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांनी चाचणी चालू ठेवायला सांगितली.

मी पाना घेऊन खाली गेले. मामा मागोमाग आला आणि त्याने हात पुढे केला. मी पाना दिला. सील बसवताना मी दाखवलं होतं तसं समोरासमोरचे नट धरून तो एकेक पाव आटा आवळत गेला. नवाचे पाच झाले, पाचाचे दोन. शेवटच्या नटाला एक थेंब बराच वेळ लोंबकळला आणि पडला. त्यानंतर काही पडलं नाही. मामा पुरतं मिनिटभर बघत राहिला. स्वतःची फेरी त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती, आणि ते त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मला आवरलं नाही. मी तिथेच, सगळ्या फिटरांसमोर, रडू लागले.

मामाने खिशातलं फडकं काढून पाना पुसला आणि मग फडक्याची स्वच्छ बाजू माझ्यापुढे धरली.

"डोळे पुसा, मॅडम," तो म्हणाला. "या पंपापाशी आता एकसुद्धा थेंब चालत नाही."