संग्रहालयातली विहीर

माझे मामा नांदूरघाटाकडचे, पट्टीचे पोहणारे. आसपासच्या गावांत कुणी विहिरीत पडलं की पोलीस पाटील आधी त्यांनाच बोलावणं धाडायचा. आता गुडघे गेलेत, पाण्यात उतरणं बंद आहे. बीडमध्ये एका शिक्षणसंस्थेनं पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या इतिहासाचं संग्रहालय काढलंय असं मी शिकवते त्या शाळेत ऐकलं आणि मामांना हौसेनं घेऊन गेले.

पहिल्या खोलीत रबरी पोशाख, शिशाचे बूट, हवा सोडायचा हातपंप असं सगळं मांडलं होतं. एक तांब्याचं शिरस्त्राण फोटोसाठी घालू देत होते. मीही घातलं. आत कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा आणि गुटख्याचा दर्प कोंडला होता, काचेवर थुंकीचे वाळलेले शिंतोडे होते. घाईनं ते काढलं आणि पदरानं तोंड घासून पुसलं. मामा मात्र हवेची नळी चाचपत म्हणाले, "आसं कायी असतं तर लई सोपं झालं असतं, माय. आमी नुसता दम धरून जायचो."

पुढच्या खोलीत प्लास्टरची विहीर होती. तळाशी रंग टाकून निळं केलेलं पाणी, त्यात पालथी पडलेली बाईची बाहुली. हिरवं लुगडं, मोकळे केस, हातात खऱ्या काचेच्या बांगड्या. काठावरचा दोर ओढला की बाहुली वर यायची आणि लुगडं मांड्यांपर्यंत सरकायचं. बायकापोरांना घेऊन आलेले बाप्ये आळीपाळीनं दोर ओढत होते, हसत होते. पाण्यावर चिकट तवंग आणि शेंगांची टरफलं. सांगायला लाज वाटते, पण मीही मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

मामा काठाला धरून उभे होते. दोर हातात असलेल्या माणसाला ते हळूच म्हणाले, "आशी न्हाई काढत."

"मग कशी काढतात?" तो हसतच होता.

"आदी खाली पाण्यातच लुगडं नीट करायचं. पदर कमरंला बांधायचा. वर सगळा गाव बघत असतो. मग दोर लावायचा."

त्यानं दोर सोडला. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढून बाहुलीवर टाकलं. टाय लावलेला व्यवस्थापक धावत आला. "काका, वस्तूंना हात लावायचा नाही." त्यानं ते भिजलेलं उपरणं दोन बोटांत उचललं आणि नाक मुरडून मामांपुढं धरलं. मामांनी घेतलं नाही.

"कावून पांघरलं ते कळलं न्हाई तुमाला," ते म्हणाले आणि चालू लागले.

बसस्टँडवर मी व्हिडिओ पुसून टाकला, तरी स्वतःची किळस जाईना.

आठ दिवसांनी मी एकटीच अर्ज घेऊन गेले. ती बाहुली काढा, एवढंच लिहिलं होतं. व्यवस्थापकानं पहिली ओळ वाचूनच अर्जाची घडी घातली.

"मॅडम, लोकांना तीच तर आवडते."

जाताना विहिरीत डोकावले. बाहुलीला नवं लुगडं नेसवलं होतं, आधीपेक्षा तोकडं.