एका बाजूने मारलेली कानस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अकोल्याच्या नणंदेला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. आणि दुसरं — ते शेवटी येईलच.

गोष्ट एका करवतीची आहे. हसू आलं तर हसा. मलाही तेव्हा वाटलं होतं, करवतीचं काय एवढं?

माझे सासरे, म्हणजे बाबा, अमरावतीच्या एका शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत स्वतःचं वर्कशॉप थाटलं. भिंतीवर एकेका खिळ्याला एकेक हत्यार, आणि त्यामागे पेन्सिलीने काढलेला त्याचा आकार — जागा चुकायला नको म्हणून. त्यात एक लांब करवत होती. तिला ते स्वतः धार लावायचे. एक सोडून एक दात या बाजूने, मग करवत फिरवून उरलेले दात त्या बाजूने. तिने कापलेल्या फळीला रंधा मारावा लागत नसे. "रेघेवर चालते, सुनेसारखी नाही," असं मला चिडवायचे. मीही काही कमी नव्हते, उलट उत्तर द्यायचे. आमचं बरं चाललं होतं.

पण मला ती खोली हवी होती. मी गणिताच्या शिकवण्या घेते. तेव्हा त्या बैठकीच्या खोलीत चालायच्या — दारात चपलांचा ढीग, टीव्ही बंद, घरच्यांची कुरकुर. मनातल्या मनात मी त्या मागच्या खोलीत कधीचाच फळा टांगून ठेवला होता. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसता घाबरटपणा वाटेल.

त्या उन्हाळ्यात नणंदेचं नवीन घर बांधून होत आलं होतं. तिच्यासाठी सागवानी देवघर करायचं बाबांनी ठरवलं आणि माप घ्यायला ते अकोल्याला गेले. इकडे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला डासांची जाळी बसवायची होती. जाळीवाल्याने चौकटीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या मापापेक्षा बोटभर लांब आणून टाकल्या आणि मग फोनच उचलेना. धातू कापायची हॅक्सॉ वर्कशॉपमध्ये होती, पण तिचं पान तुटलेलं. नवीन पान आणता आलं नसतं का? दहा मिनिटांचं काम होतं. मला उन्हात जायचा कंटाळा आला, इतकंच.

मी बाबांची करवत काढली. लाकडाची करवत धातूला लावायची नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पंधरा वर्षं या घरात तेच ऐकत होते.

कानठळ्या बसतील असा आवाज झाला. पट्टी थरथरत होती, पांढरा चुरा दातांमध्ये गच्च बसत होता. तरी मी चारही पट्ट्या कापल्या. जाळी छान बसली. मग करवत उजेडात धरली — दात पार बोथट झाले होते.

तेव्हाही सांगता आलं असतं. बाबा दोन दिवस चिडले असते, मग स्वतःच धार लावत बसले असते. मी मात्र कानस घेतली. चुरा खरवडून काढला आणि सगळे दात घासले, एकाच बाजूने. करवत फिरवून घासायला हात बसेना. अंगठा फिरवून पाहिला, धार लागत होती. करवत होती तशी पेन्सिलीच्या आकारावर टांगून दिली.

बाबा आले आणि सागवान कापायला बसले. पहिला काप डावीकडे गेला. दुसराही. त्याच वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, जवळचं बारीक काही अजून नीट दिसत नसे. त्यांनी दातांवर अंगठा फिरवला.

"धार तं आहे," ते म्हणाले. "मंग माहा हातच गेला वं पोरी."

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. एका वाक्याचं काम होतं. आणि मी काय बोलले? "वय झालं बाबा. एखाद दिवशी बोट कापून घ्याल. राहू द्या आता." किती काळजीचं वाटतं ना ऐकायला? नवऱ्यानेही मान डोलावली.

तिसरी फळी वाया गेल्यावर त्यांनी काम थांबवलं. नणंदेने तयार देवघर आणलं. दिवाळीपर्यंत मागची खोली मला मिळाली. भिंतीतले खिळे बाबांनी स्वतः काढले. फळा लावताना एक बाजू धरून ते मलाच विचारत होते, "सरळ आहे का वं? मले आता माह्या हाताचा भरवसा नाही."

त्यानंतर सहा वर्षं ते जगले. साधी खुंटीसुद्धा ठोकली नाही. पपई चिरायची असली तरी सुरी माझ्याकडे द्यायचे. मी चिरून द्यायचे. दर वेळी सांगावंसं वाटायचं, असं लिहिलं तर मी बरी दिसेन. तसं नव्हतं. कितीतरी दिवस मला आठवणसुद्धा यायची नाही.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यांचे जुने विद्यार्थी सलीमभाई मिस्त्री भेटायला आले, तेव्हा नवऱ्याने आठवण म्हणून ती करवत त्यांना दिली. त्यांनी ती डोळ्यासमोर आडवी धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"भाभी, ही कोनं घासली? एकाच बाजूनं कानस मारली. अशी करवत कोनाच्याही हातात वाकडीच जाते." मग हळूच म्हणाले, "सर असे नव्हते. शेवटी हात गेला असन त्यायचा."

नवरा शेजारीच उभा होता.

"हो," मी म्हटलं. "शेवटी शेवटी गेलाच होता."

हेच ते दुसरं कारण. सलीमभाई आता बाकीच्या विद्यार्थ्यांनाही सांगतात, की सरांना अखेरीस करवतीला धार लावणंसुद्धा जमत नव्हतं.

बाबांचा हात गेला नव्हता. ती कानस मी मारली होती.