फुकट न्या लिहिलेल्या खोक्यातले मार्च

अन्याय माझ्या बाबांवर झाला, गेल्या शनिवारी सकाळी सव्वाअकराला, जर्मनीत एश्बॉर्नमधल्या आमच्या इमारतीच्या दारात. बाबा पुण्याला पोलीस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. अमेरिकन मार्च, म्हणजे संचलनाच्या धुना, त्यांनी नुसत्या नोटेशनवरून बसवल्या. मूळ वादन कधी ऐकलंच नाही. त्या दिवशी इथल्या जुन्या बाजारात त्यांना त्याच मार्चच्या नऊ रेकॉर्ड मिळाल्या.

"घरी नेतो. बँडमधल्या सगळ्यांना बोलावतो. आपण बरोबर वाजवत होतो का, ते एकदाचं कळू दे."

वाटेत त्यांनी रेकॉर्डसाठी फूटपाथवरचं रिकामं खोकं उचललं. त्यावर जर्मनमध्ये 'फुकट न्या' असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि खोडलं नाही. निव्वळ आळस. खोकं दारात टेकवून आम्ही भाजी वर ठेवायला गेलो. पाच मिनिटांत खाली आलो, तर खोकं गायब.

नेणाऱ्याला चोर कसं म्हणू? गुन्हा माझा आहे. गुरुवारी बाबांचं विमान आहे. ते सारखे विचारतात, "आलं का गं कुणी?"

ते खोकं तुम्ही नेलं असेल, तर बुधवारच्या आत आमच्या दारात आणून ठेवा. आणि बेल वाजवा.