भिंतीवरचा पतंग

बोरगाव मेघेत माझ्या शेजारी एक शिपाई राहायचे. बोलण्याआधी खाकरायचे आणि बरीच वाक्यं अर्ध्यावर सोडायचे. आणीबाणीत नोकरी टिकावी म्हणून एकच मुलगा असताना त्यांनी नसबंदी करून घेतली. तेव्हाच त्यांच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण रंगवला गेला. पुढं तो मुलगा तापानं गेला.

दर दिवाळीला ते भिंतीला चुना लावत, पण त्रिकोण आणि त्याखालची जागा सोडून. मला ते बघवत नसे. एकदा विचारलंच, "भाऊ, हे पुसून काऊन नाई टाकत?"

"पोराले तो पतंग वाटे, गुरुजी. त्यानंच कोळशानं खाली दोरा काढला. पाहा ना..."

त्रिकोणाच्या टोकापासून एक काळी रेघ खाली आली होती, लहान मुलाचा हात पोचेल तिथवर.

एका उन्हाळ्यात सरकारी रंगारी आला. मी शाळेतून परतलो तेव्हा त्रिकोण नवा झाला होता आणि दोऱ्याच्या जागी घोषवाक्य होतं. ते उंबऱ्यावर बसले होते.

"सांगतलं मी त्याले, पतंग हाय म्हणून. हासला तो."

दुसऱ्या सकाळी त्यांनी त्रिकोणासकट सगळी भिंत चुन्यानं पोतायला घेतली. चुन्यातून लाल रंग पुन्हा वर येत होता. मी मदतीला गेलो.

"राहू द्या, गुरुजी," ते म्हणाले. "आता तो निस्ता त्रिकोण हाय."