दाजींचा हात आणि शेरूच्या बरगड्या

राहनाळच्या दाजी तऱ्यांना घेऊन बोकड आणायला जाताना कुणी काटा नेत नसे. त्याची गरजच नव्हती.

लग्नाआधीच्या हळदीला गावाला मटणाचं जेवण असे. हळद कुणाच्याही घरची असो, आठ दिवस आधी घरधनी दाजींच्या पडवीत येऊन बसायचा आणि मग दोघं मिळून अंबाडीच्या नाक्यावर जायचे. तिथे वाडा तालुक्यातून आलेले बोकड ओळीने बांधलेले असत. दाजींची तिथली एंट्री बघण्यासारखी असे. पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर टॉवेल, ओठांत विझलेली विडी. दहा बोकडांकडे ढुंकूनही न बघता ते अकराव्यापाशी थबकायचे. डोळे मिटायचे. डावा हात कमरेच्या जरा अलीकडे पाठीवर ठेवायचे, एका अंगाला अंगठा, दुसऱ्या अंगाला चार बोटं. हलकेच दाबायचे. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबायचे.

"बारा," दाजी म्हणायचे. "मटण बारा किलो पडंल. पाव इकडं नायतर तिकडं."

आणि तेवढंच पडायचं. वडिलांनी शिकवलेला नियम एकच होता. हाताला हाड लागलं की बोकड परत. पाठीचा कणा मांसात बुडालेला हवा, बरगड्या बोटांना सापडता कामा नयेत. दाजींनी पास केलेला बोकड ज्या मांडवात शिजला, तिथून कुणी अर्धपोटी उठलं नाही, असं पंचक्रोशीत बोललं जाई.

पुढे खाडीकडच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली. मुलगा दीपेश त्यांचा व्यवहार बघू लागला. हळदीला केटरर आले, ते फोनवरून मटण मागवू लागले. दाजींचा हात सत्तरीत रिकामा झाला. आणि नेमक्या त्या वेळी घरात कुत्रा आला.

ते दिवस टीव्हीवरच्या मोबाईलच्या जाहिरातीचे होते. चपट्या तोंडाचा, वळ्या पडलेल्या कपाळाचा कुत्रा पोरामागे चालताना सगळ्यांनी पाहिला होता, आणि मग ठाणे-कल्याणात ज्याला त्याला तोच कुत्रा हवा झाला. दाजींची नात मनाली कॉलेजात होती. तिने वडिलांकडे हट्ट धरला आणि तळहातावर मावेल एवढं पिल्लू घरी आणलं.

दाजींच्या बायकोने, गुणाबाईंनी, त्याला उचलून उजेडात धरलं. "अवं, याचं तोंड दारात सापडलं का काय?"

मनालीने त्याचं नाव शेरू ठेवलं. चालवलं मात्र त्याला दाजींनी, झोपवलं दाजींनी आणि खाऊ घातलं तेही दाजींनीच. दोन वर्षांत शेरू असा काही भरला की गल्लीतली बाया-माणसं येता-जाता थांबून कौतुक करत. दाजी रोज सकाळी त्याच्या पाठीवर हात ठेवत, डोळे मिटत आणि समाधानाने मान डोलवत. हाताला हाड लागत नव्हतं.

दोन हजार सातची संक्रांत झाली आणि शेरू ओटीच्या तिसऱ्या पायरीवर बसू लागला. चौथी पायरी चढण्याआधी धापा टाकी. झोपला की घरघर एवढी मोठी, की गुणाबाई म्हणाल्या, "आता घरात दोघं घोरनारे झाले."

मनाली त्याला आणि दाजींना घेऊन कल्याणला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. शेरूला काट्यावर उभं केलं. अकरा किलो सहाशे.

"काय खातो हा?"

"काय नाय," दाजी म्हणाले. "घरचंच."

"सकाळी चहात बुडवलेली अर्धी भाकरी," मनालीने बोटं मोजायला घेतली. "दुपारी भात आणि कालवण. चार वाजता खारी. रात्री परत भात."

"आणि मधे?"

मनालीने आजोबांकडे बघितलं.

"बोंबलाचं डोकं," दाजी म्हणाले. "आता ते काय खानं झालं?"

बाई हसल्या नाहीत. "आजोबा, आकडा बाजूला ठेवा. हाड लहानमोठं असतं, त्यामुळे नुसत्या वजनावर सगळं कळत नाही. हातानं बघायचं. याच्या बरगड्या मोजून दाखवता का?"

दाजींनी शेरूच्या कुशीवरून बोटं फिरवली आणि अभिमानाने मान वर केली. "एक बी नाय लागत."

"तेच तर वाईट आहे."

"वाईट? बाई, पन्नास वरसं जनावराला हात लावतो मी!"

"मग तुम्हाला लवकर कळेल. मूठ मिटा आणि बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या तर तो रोड. आता तळहात वर करा, अंगठ्याखालचं मांस चाचपा. हाड सापडत नाही ना? असं असेल तर लठ्ठ. आता पंजा पालथा करा, बोटं सरळ ठेवा आणि पाठच्या बाजूनं फिरवा. हाडं डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटाखाली एकेक कळतं. कुत्रा असा हवा."

दाजींनी तिन्ही करून पाहिलं. बाईंनी शेरूला वरून बघायला सांगितलं. बरगड्या संपल्या की कंबर आत जायला हवी, पोट मागच्या पायांकडे वर चढत जायला हवं. शेरू मानेपासून शेपटीपर्यंत कापडाच्या गठ्ठ्यासारखा सरळ होता.

"कातडीच्या वळ्यांनी माणूस फसतो," बाई म्हणाल्या. "वळी चिमटीत धरली तर नुसती कातडी येते. चरबी तिच्या खाली बसलेली असते. याचं नाक चपटं, श्वासाची वाट मुळातच अरुंद. हे ओझं घेऊन मे महिना काढणं याला जड जाईल. घाबरवत नाही, पण आज सांगितलेलं बरं."

रिक्षात शेरू दाजींच्या मांडीवर घरघरत होता. दाजी मूठ मिटत होते, उघडत होते, पालथी करत होते.

घरी जाण्याआधी त्यांनी रिक्षा गोदामाकडे वळवली. तिथला कापडाच्या गाठी तोलायचा मोठा काटा त्यांच्या भरवशाचा होता. शेरू त्यावर मोठ्या थाटात बसला.

"चाचा, चलान किसके नाम काटूँ?" हमालाने विचारलं.

"पैले आकडा सांग."

"ग्यारह छे सौ."

म्हणजे बाईंच्या काट्यात खोट नव्हती. मग खोट कुठे होती? दाजींना राग येण्यापेक्षा नवल वाटत होतं. पन्नास वर्षं ज्या हाताने कधी दगा दिला नाही, तो हात आणि ती शिकलेली बाई एकच अंग चाचपून उलट बोलत होते.

संध्याकाळी मुनीर आला. मुनीरचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि दाजींशी चाळीस वर्षांची दोस्ती. बकरी ईदेच्या आधी तो दरसाल दाजींना घेऊनच बाजारात जाई. शेरू शेपूट हलवत पुढे झाला, तसे मुनीरने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "अरे बाबा, इसको उधर रख. लाळ लागली तर कपडे बदलायला लागतील, मगरिबची नमाज पढायची हाय मला."

दाजींनी शेरूला आपल्या पायांत दाबून धरलं आणि सगळं सांगितलं. मुनीरने चहाचा घोट घेतला.

"दाजी, एक बात सांग. बकऱ्याला हात लावतोस तवा मनात काय अस्तं तुझ्या?"

"दुसरं काय असंल? मटण किती पडंल ते."

"बस. तो बकरा किती दिवसांचा पाहुणा? दो दिन, चार दिन. उसके बाद उसको दौड़ना है क्या? पायऱ्या चढायच्या हायत? तू पास केलेला बकरा सहा महिन्यांनी कसा अस्तो, कधी बघितलंस?"

शेकडो बोकडांना दाजींनी हात लावला होता. पास झालेल्यांपैकी एकालाही त्यांनी पुढच्या आठवड्यात बघितलं नव्हतं.

"भडवीच्या, हे आता सांगतोस व्हय?"

"तू कधी विचारलंस?" मुनीर म्हणाला. "मी तर मटण खात होतो."

पण नुसत्या बोलण्यावर दाजींची समजूत पटणारी नव्हती. त्यांना माल बघायचा होता. "हीच जात, हीच उमर, पन बाईच्या मतानं बरोबर असलेला कुत्रा दाखव मना," ते मनालीला म्हणाले.

मनालीची मैत्रीण ऋतिका टेमघरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्याकडे टॉफी नावाची याच जातीची कुत्री होती. रविवारी दाजी तिथे गेले, सोफ्यावर बसले, टॉफीला जवळ घेतलं आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

त्यांची बोटं दचकली. बरगड्या! एक, दोन, तीन, सगळ्या एका ओळीत, पातळ चादरीखाली ठेवलेल्या काठ्यांसारख्या.

"उपाशी ठेवतंस काय गो पोरी हिला?"

"नाही हो आजोबा! दोन वेळा खाते." ऋतिका गोंधळली. "डॉक्टरांनी तर शाबासकी दिली."

तेवढ्यात खाली कुणीतरी हाक मारली. टॉफी दाजींच्या हातांतून निसटली, तीन जिने गडगडत उतरली आणि तशीच भराभर वर आली. दाजी उठले आणि जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी आपला कान टॉफीच्या नाकाशी नेला. श्वास जरा जोरात होता, पण त्यात घरघर नव्हती. मिनिटभरात तोही खाली बसला. जीभ गुलाबी होती. शेरूची जीभ तिसऱ्या पायरीवर जांभळट होते, ते दाजींना आठवलं.

त्यांनी पुन्हा हात लावला. या वेळी डोळे उघडे ठेवले. वरून बघितलं, बाजूने बघितलं. मागे कंबर आत गेली होती. बरगड्यांवर मांस होतं, नव्हतं असं नाही. फक्त त्या मांसाखाली कुत्री कुठे सुरू होते ते बोटांना कळत होतं.

"आजोबा, काय झालं?" मनालीने विचारलं.

"काय नाय," दाजी हळूच म्हणाले. "मी शेरूला हळदीला तयार करत होतो."

दुसऱ्या दिवसापासून शेरूचं जेवण एका वाटीने मोजून दोन वेळा सुरू झालं, आणि घरात खरी लढाई पेटली. गुणाबाई म्हणाल्या, "भुकेला जीव तोंडाकडं बघत असताना मना घास उतरत नाय." मग त्या भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या. शेरू वळसा घालून भिंतीशी जाऊन बसे. शेजारणी कुंपणावरून भाकरी टाकत. दाजी एकेकीच्या दारात जाऊन हात जोडून आले. आणि पाचव्या दिवशी शेरू दाजींच्या शर्टाच्या खिशाशी उड्या मारताना सापडला.

"आजोबा, खिसा उलटा करा."

बोंबलाची तीन डोकी निघाली.

"त्याला द्यायला नवती," दाजी म्हणाले. "नुसता वास."

मनाली इतकी हसली की तिला रडूच आलं. दाजींनी डोकी मांजरीला टाकली. त्यानंतर त्यांचा खिसा रिकामा राहिला.

सकाळी दोघं खाडीच्या बांधाकडे निघत. आधी निम्म्या वाटेवर शेरू बसकण मारी. मग दाजीही बसत, गोदामांच्या पत्र्यांकडे बोट करून त्याला सांगत की इथे आपली भाताची चार खाचरं होती, तिथे जिताडा मासा सापडायचा. दम खाऊन झाला की पुन्हा उठत. घाई केली नाही. रोज घरी आल्यावर पालथा पंजा, मग शेरूची कूस. पंजा, कूस. महिनाभर तळहातच लागत राहिला.

शिमग्याच्या दिवशी सकाळी पडवीतून आरोळी आली, "गुणे! बरगडी! बरगडी!"

दाजी पडले असं समजून निम्मी गल्ली धावली. दाजी शेरूच्या कुशीत बोट रोवून बसले होते आणि त्यांचे डोळे भरले होते. "ही बघ. शेवटनं दुसरी. हलू नको रे, जाईल."

एप्रिलअखेर बाईंच्या काट्याने नऊ किलो दाखवले. बाईंनी शेरूला चाचपलं आणि वरून बघितलं. "अजून अर्धा किलो उतरला तर छान. पण उन्हाळा काढेल हा आता."

मे आला. दुपारी वीज जायची, पत्रे तापून तडतडायचे. शेरू ओल्या गोणपाटावर पडून राही, पण घरघर उरली नव्हती. एका सकाळी दाजी आणि तो बांधापर्यंत जाऊन एका दमात परत आले. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर दहा-बारा जण बसले होते. त्यांच्यातला लडकू, ज्याच्या तिन्ही पोरींच्या हळदीचे बोकड दाजींनी निवडले होते, मोठ्याने म्हणाला, "दाजी, कुत्रा पार वालला की! जमीन सोन्याच्या भावानं गेली न् मुक्या जनावराला भाकर नाय?"

टपरी हसली. दाजींच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्यांना असं उभ्या आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. तोंडात शिवी आली होती. त्यांनी खाली बघितलं. शेरू उन्हात उभा होता, तोंड मिटून, चहाच्या ग्लासांकडे डोळे लावून.

"लडकू, ये हिकडं," दाजी म्हणाले. "बस खाली. हात दे."

"अवं, मस्करी केली..."

"दे म्हनतो."

लडकू उकिडवा बसला. दाजींनी त्याचा राकट पंजा धरून शेरूच्या कुशीवर ठेवला आणि एक बोट जागेवर नेऊन दाबलं.

"काय लागलं?"

"हाड लागतंय, दाजी."

"मोज."

टपरीवरचं हसू थांबलं. लडकूने एक म्हटलं, दोन म्हटलं. तीनवर तो अडला, मान वाकडी करून त्याने बोट जरा मागे सरकवलं. बोटाखाली शेरूचा श्वास सावकाश वर येत होता, खाली जात होता.

"थांबा, थांबा," लडकू म्हणाला. "चवथी गावली."

बाकावरून आणखी दोघं उठून बघायला आले.