खुरपणीला नकार

तिच्या वाफ्यात गवताची काडी दिसली तर ती वाऱ्याने आत्ताच आणून टाकली, असं समजावं. नर्सरी तिच्या धाकट्या दिराची. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळे मजूरही तिला वहिनीच म्हणत. नवरा गेल्यापासून ती तिथेच राबत होती. दुसरं काम तिला माहीत नव्हतं.

दिराने लांबून एक झुडूप आणलं. पिवळी फुलं, बारमाही हिरवं, गुरं तोंड लावत नाहीत. कुंपणाला झकास. पण विकायला परवानगी हवी. हे झुडूप रानात घुसून बाकीच्यांचा जीव घेईल की जागच्या जागी राहील, ते ठरवायला सरकारी तपासनीस बाई यायच्या. त्यासाठी नर्सरीच्या मागच्या बाजूला एक वाफा लावला होता. पहिल्या खेपेला बाईंना ओळीबाहेर एकही रोप दिसलं नाही. "आटोक्यात आहे की," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेलाही असंच दिसलं, की परवानगी पक्की.

मग वहिनीचा पाय मुरगळला, काही आठवडे ती घरीच. बरी होऊन आली ती थेट मागे गेली. फरशांच्या फटीत, नळाखाली, जिथे गवतही धरत नाही त्या सावलीत, सगळीकडे तेच झुडूप. छाटून टाकलेल्या फांदीलासुद्धा कोंब. एक उपटलं, तर शेंडा हातात आला आणि मूळ खालीच.

तिच्या लक्षात आलं. ही पिलावळ आधीही उगवतच असणार. रोज सकाळी गवताबरोबर ही रोपंही ती खुरपून टाकत होती. हाताला वळणच तसं. बाईंनी वाखाणलं ते तिचं खुरपं होतं.

दीर आला. "आलात? बरं झालं. उद्या बाई येतायत. वाफा चकाचक करा."

"नाही करणार."

"पाय दुखतोय? दुसऱ्या कुणाला सांगतो."

"पाय ठणठणीत आहे. कुणीही हात लावायचा नाही. आहे तसं बघू दे त्यांना."

"शेडभर रोपं तयार आहेत माझी! डोकं ठिकाणावर आहे ना, वहिनी?"

"माझं आहे. तू जरा पायाखाली बघ."

"मालक मी आहे इथला."

"अरे, तुझा शेंबूड पुसलाय मी. मालकी कुणाला दाखवतोस?"

मजूर खाली माना घालून हसले. दीर लालबुंद झाला. "खुरपा, नाहीतर उद्यापासून येऊ नका." आणि स्वतःच खुरपं घेऊन वाकला. वहिनीने आपला पाय रोपांपुढे रोवला.

"आधी मला उपट."

त्याने खुरपं फेकलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. वहिनीने आडपडदा ठेवला नाही. "गेल्या खेपेला दिसलं नाही, कारण मी रोज खुरपत होते. आता बघा."

बाईंनी विचारलं, "तोडलं तर पुन्हा फुटतं?" वहिनीने फांदी दाखवली. बाई भिंतीपलीकडे स्वतः उतरल्या, नाल्यापर्यंत जाऊन आल्या. चिखलाने माखलेल्या हातांनीच त्यांनी दिराला सांगितलं, "परवानगी नाही. सगळं काढून टाका."

त्यानंतरच्या सकाळी वहिनी फाटकाशी आली. दीर आडवा उभा.

"येऊ नका म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस. नाल्यापर्यंत गेलंय ते. मुळासकट कोण काढणार, तू?"

तो बाजूला झाला नाही. ती त्याला वळसा घालून आत गेली, कुदळ उचलली आणि नाल्याच्या बाजूने सुरुवात केली. पहिलं मूळ निघालं ते हातभर लांब.